नदीवर राहिलेला आवाज

माझा आवाज एके काळी पांझरेच्या या काठावरून त्या काठावर सहज जात असे. हे मी फुशारकीनं सांगत नाही, असं म्हणणार होते. पण फुशारकीनंच सांगते आहे. आता तो शेजारच्या खोलीतसुद्धा धड पोहोचत नाही, तेव्हा गेलेल्या गोष्टीची थोडी फुशारकी मारायला कुणाची हरकत नसावी.

धुळ्याच्या वरच्या अंगाला, पांझरेच्या काठी माझं माहेर. समोरच्या काठाला दुसरं गाव. वर्षभर दोन्ही गावं एकमेकांच्या लग्नाला जात, सोयरिकी जुळवत, बैल मागून नेत. पण आखाजीला सगळं बदलायचं. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो, आणि खानदेशातल्या सासुरवाशिणीला दिवाळीपेक्षा तिचीच ओढ जास्त. झाडून सगळ्या लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, घरोघरी गौराई बसते. आणि गौराई बोळवायच्या दिवशी दोन्ही गावांच्या बाया नदीच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना मनसोक्त शिव्या देतात. याला बार खेळणं म्हणतात. पुरुषांनी त्या बाजूला फिरकायचं नाही. शिव्यांबरोबर वाळूतले गोटेही सुटत, पण नेम कुणी धरत नसे. बार संपला की ज्या त्या आपापल्या घरी जाऊन पुरणपोळी खात. शिवी मनाला लावून घेणारीला वर्षभर हसत.

समोरच्या काठावर एक उंच, सावळी बाई असायची. माझ्याच वयाची. परकराच्या वयापासून आम्ही दोघी समोरासमोर उभ्या राहत आलो होतो. तिचा चेहरा मी कधी जवळून पाहिला नव्हता, पण हातवारे पाठ होते. तिचं लग्न कुठं झालं, तिची सासू कशी आहे, हे सगळं मला ठाऊक असे, कारण बार खेळायचा तर समोरच्या काठाची बित्तंबातमी लागते. तीही माझी अशीच माहिती काढत असणार. ती काय म्हणते याची मी वर्षभर वाट पाहायची, हे मी तेव्हा कुणाला कबूल केलं नसतं.

त्या वर्षी माझी मुलगी नुकती रांगायला लागली होती. तिला आईजवळ ठेवून मी नदीवर गेले. समोरून तिनं सुरुवात केली.

"तुना नवरा जीनमा कापूस खास! त्याले घरमा भाकर भेटस नही!"

माझे यजमान जळगावला कापसाच्या जिनात कामाला होते, एवढी बातमी तिला लागली होती तर. मी पदर खोचला.

"तुनं तोंड जयो! तुना घरनी चूल पाऊसमा भिजो!"

तोंड जळो, चूल भिजो. आमच्याकडे बोलीत 'ळ'चा 'य' होतो, आणि त्यानं शिवीची धार जराही कमी होत नाही. मग काय, ऊन कलेपर्यंत आमचा पट्टा चालू होता. बाकीच्या दमून वाळूत बसल्या, आम्ही दोघीच उभ्या. शेवटची शिवी माझी झाली. ती पाण्यावरून गेली आणि समोरच्या काठावर पडलेली मला जवळजवळ दिसली. मी फार सुखानं घरी आले.

सकाळी उठून मुलीला हाक मारायला तोंड उघडलं, तर नुसता वारा बाहेर आला.

माहेरी सगळे पोट धरून हसले. हिला बार लागला म्हणाले. हळदीचं दूध झालं, ज्येष्ठमध झाला, काळ्या मिऱ्या चावून झाल्या. मी जळगावला परत आले तरी आवाज काही आला नाही. मधूनच फाटक्या कापडासारखं काहीतरी निघायचं आणि पुन्हा बंद.

आमचं घर पिंप्राळ्याच्या वाटेवर होतं. तेव्हा पिंप्राळा वेगळं गाव होतं आणि मधे नुसती शेतं. घरात आम्ही तिघं मोठी. यजमान दिवसभर जिनाच्या खडखडाटात असत, त्यामुळे घरी येऊन 'पाणी दे' सुद्धा गर्जून म्हणत. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या ठार बहिऱ्या होत्या. मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून त्यांच्याशी घसा ताणून बोलत आले होते. मीठ कुठं आहे, दूधवाला आला, पाऊस येतोय, वाळवण आत घ्या, सगळं ओरडून. शेजारपाजाऱ्यांना पहिली काही वर्षं वाटायचं, या घरात अष्टौप्रहर भांडण चालतं. त्यात माझा स्वभाव मुळातच तापट. तेव्हा ओरडण्यातलं किती बहिरेपणासाठी आणि किती रागासाठी, याचा हिशेब माझा मलाही लागला नसता.

गावातल्या डॉक्टरांनी स्पिरिटच्या दिव्यावर लहानसा गोल आरसा गरम केला, माझी जीभ रुमालात धरली आणि आरसा पार घशात घातला. मला वाटलं, ते माझ्या आत कुणाला तरी शोधताहेत. बराच वेळ पाहून म्हणाले, "आवाजाच्या पडद्यावर गाठ आहे. मोहरीएवढीच आहे, पण आहे. एक वर्ष बोलायचं नाही."

यजमानांनी दचकून विचारलं, "अजिबात नाही?"

"अजिबात नाही. कुजबूजसुद्धा नाही, त्यानं घशाला जास्त ताण पडतो. गाणं नाही, मोठ्यानं हसणं नाही. गाठ विरली तर विरली. नाहीतर मुंबईला नेऊन काढावी लागेल, आणि मग आवाज राहील की नाही ते मी सांगू शकत नाही."

दवाखान्यातून घरी येताना टांग्यात मुलगी माझ्या मांडीवर होती. ती काहीबाही आवाज करत होती, आणि मला एकच गोष्ट दिसत होती. ही आता बोलायला शिकणार. शब्द शिकणार, आई म्हणायला शिकणार, आणि तिला आईचा आवाज माहीत नसणार. आजवर मी तिला मारलेल्या हाका ती विसरून जाईल, कारण एवढ्या वयातलं कुणाला काय आठवतं? आवाज कायमचा गेलाच, तर माझी मुलगी मला न ऐकताच मोठी होईल. बाकी कशाचं मला तितकं वाईट वाटलं नाही. याचं मात्र मला सगळ्या वाटेभर रडू येत होतं, आणि रडतानाही आवाज करायचा नव्हता.

यजमानांनी पाटी-पेन्सिल आणली. पेन्सिल मुलीनं चघळली आणि पाटी पहिल्याच आठवड्यात फुटली. नाहीतरी आत्याबाईंना अक्षरओळख नव्हती. घरात एक बहिरी, एक मुकी आणि एक रांगती. यजमान जिनात जाताना आमच्याकडे अशा नजरेनं पाहत, की जणू परत येईपर्यंत घर जागेवर असेल याची त्यांना खात्री नाही.

एक दिवस मी चुलीपाशी बसले होते. दूध उतू जायच्या बेतात होतं आणि जवळ आत्याबाई. सवयीनं माझं तोंड उघडलं, ओठ हलले: दूध. आवाज तर नव्हताच, श्वासही मी सोडला नव्हता. आत्याबाईंनी वळून शांतपणे दूध उतरवलं.

मी पाहतच राहिले. मग पुन्हा नुसते ओठ हलवले. तुम्हाला कसं कळलं?

"कसं म्हंजे?" त्या म्हणाल्या. "तू बोलनी ना."

तुम्हाला ऐकू येत नाही ना?

"आयकू कथं येस? मी ते तुनं तोंड देखस. पह्यलापासून." मग म्हणाल्या, "तू आरडस कसाले, तेच मले समजे नही. मन्हा मनमा, पोरनं तोंडच मोठं शे, काय करसू."

मी कपाळाला हात लावला. इतकी वर्षं मी घसा फोडून घेत होते, आणि ही बाई समोर बसून माझे ओठ वाचत होती. सांगितलं का नाही, असं विचारलं तर म्हणाल्या, तू कधी विचारलं नाहीस. मला हसू फुटलं आणि डॉक्टरांची आठवण होऊन मी पदर तोंडात कोंबला. आम्ही दोघी चुलीपुढे बसून तशाच हललो. आवाज न करता हसणं किती दमवतं, ते करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

त्या दिवसापासून माझा आवाज आत्याबाईंच्या तोंडी राहायला गेला. मी ओठ हलवायचे, त्या घरभर सांगायच्या. बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही, तेव्हा त्या सगळं एकाच सपाट, मोठ्या सुरात सांगत. शिवाय पदरचं घालत. मी यजमानांना विचारायचे, भाजीत मीठ कमी आहे का? त्या म्हणायच्या, "ती विचारस, मीठ कमी शे का. कमीच शे." मी म्हणायचे, येताना गूळ आणा. त्या म्हणायच्या, "गूळ आन. मले बी तंबाखू आन." यजमान हळूहळू विचारायला लागले, यातलं हिचं किती आणि तुझं किती?

मग माझ्या लक्षात यायला लागलं, की माझी बरीच भांडणं ही लांबून केलेली भांडणं होती. या खोलीतून त्या खोलीत, चुलीपासून ओट्यावर. आता कुणाला काही म्हणायचं तर उठायला लागे. हातातलं काम ठेवायचं, समोर जायचं, तोंडावर उजेड येईल असं उभं राहायचं, समोरच्याची नजर धरायची. एवढं करेपर्यंत निम्मा राग वाटेतच निवायचा. उरलेला त्या माणसाचा चेहरा पाहून जायचा. यजमान दमलेले असत, कानांच्या पाळ्यांवर कापसाचे तंतू अडकलेले. ते मला आधी दिसलेच नव्हते. मी काय म्हणायला आले होते ते विसरून त्यांचे कान पुसायची. मी शहाणी झाले असं नाही. ओरडता येत नव्हतं म्हणून माझा नाइलाज झाला होता. पण नाइलाजानं लागलेली सवयही सवयच असते.

श्रावणात कानबाई, आमची खानदेशची देवी, घरी आली. आमच्याकडे तिची गाणी रात्र जागवतात, आणि त्या वर्षापर्यंत गाण्यात पुढे मी असायची. यंदा मी गहू दळले, रोट थापले आणि कोपऱ्यात बसले. बायका गायला लागल्या तसे माझे ओठ आपोआप हलू लागले. आत्याबाई सगळ्या गर्दीतून उठून माझ्यासमोर येऊन बसल्या आणि माझ्या तोंडाकडे टक लावून पाहू लागल्या. बाकीच्या एका दमात, माना वळवून गात. त्यांचं काही आत्याबाईंच्या हाती लागत नसे. माझं तोंड मात्र स्थिर आणि त्यांच्याकडे वळलेलं. सगळं गाणं संपल्यावर त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"कान गया तवयपासून गानं भेटनं नव्हतं," त्या म्हणाल्या. "आज भेटनं."

ते वर्ष मला आता असं आठवतं, की जणू मी सगळं पाण्याखालून पाहत होते. माणसं बोलत, माझ्यापर्यंत येता येता बोलणं मंद होई. संयुक्त महाराष्ट्राच्या मिरवणुका गावातून जात, सगळा रस्ता घोषणांनी दुमदुमे आणि मी ओट्यावर तोंड मिटून उभी. दुपारी झोप लागली की स्वप्नात मी बोलायची, आणि नेहमी एकच जागा असे: पांझरेची वाळू, ऊन, आणि समोरच्या काठावर कुणीही नाही. मी हाक मारायचे आणि हाक जाऊन समोरच्या दगडांत बसायची, परत यायची नाही. जागी झाले की मला पक्कं वाटायचं, माझा आवाज घशात नाहीच. शेवटच्या शिवीबरोबर तो नदीपलीकडे गेला आणि तिथंच राहिला. वर्षभर उन्हापावसात, दगडांमध्ये पडून आहे. कुणाला सांगितलं असतं तर वेडी म्हणाले असते. सांगता येत नव्हतं हे बरंच होतं.

मुलगी मात्र बोलू लागली. तिचं सगळं बोलणं आजीकडून आलेलं, म्हणून तेही तसंच, सपाट आणि मोठ्यानं. सगळ्यात लाडका शब्द 'आखो', म्हणजे आणखी. केळं संपलं की हात पुढे करून, "आखो." गोष्ट संपली की, "आखो." माझ्याशी बोलायची तिची रीत वेगळी होती. ती आधी माझ्या मांडीवर चढायची, दोन्ही तळव्यांत माझा चेहरा धरायची, आपल्याकडे वळवायची आणि मग माझे ओठ पाहायची. आईचं बोलणं बघायचं असतं आणि आजीचं ऐकायचं असतं, हे तिला जन्मापासून असल्यासारखं माहीत होतं. मी ओठांनी 'चिऊ' म्हटलं की ती मोठ्यानं "चिऊ" म्हणायची. शेजारणींना मोठी गंमत वाटे. मला गंमतही वाटे आणि आत कुठंतरी तुटायचंही.

मग कापसाचा हंगाम आला. जिनाकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग आमच्या दारापर्यंत लागे. हवेत कापूस तरंगायचा, उन्हात सोनेरी दिसायचा, केसांवर, भाकरीवर, पाण्याच्या हंड्यावर येऊन बसायचा. एका सकाळी मी ओट्यावर भांडी घासत होते. मान वर केली तर मुलगी पायऱ्या उतरून रस्त्यावर पोहोचली होती, कापसाचा एक पुंजका पकडायला. समोर एका गाडीचे बैल बुजून मागे सरत होते आणि ती गाडीच्या चाकाकडे चालली होती.

डॉक्टर, गाठ, वर्ष, सगळं गेलं. मी जीव एकवटून ओरडले.

काहीच आलं नाही. तोंड उघडं, मान ताणलेली, आणि आत रिकामं. असल्या वेळेसाठी मी एक हाक राखून ठेवली आहे, असं मला इतके दिवस वाटत होतं. ती तिथं नव्हती.

हातातलं पितळी पातेलं मी पायऱ्यांवर भिरकावलं. ते घणघणत खाली गेलं. मुलगी थबकली, वळली, पातेल्याकडे पाहून हसली आणि दुडक्या चालीनं परत आली. चाक ती उभी होती तिथूनच गेलं. गाडीवान खाली उतरून बैलांना आवरत होता. मी तिला उचललं आणि किती वेळ तशीच उभी राहिले.

तेव्हापासून तिला बोलवायचं तर मी पातेल्यावर चमचा वाजवायची. तिच्या लेखी आईचा आवाज तोच. पलीकडच्या घरी कुणी भांडं वाजवलं तरी ती "आई" म्हणून उठायची.

आत्याबाईंना मी त्या संध्याकाळी ओठांनी सांगितलं, की माझा आवाज मेला. दुखणं नाही, डॉक्टरचं सांगणं नाही. मी ओरडले आणि तो नव्हता. त्यांनी नेहमीसारखं पदरचं काही घातलं नाही.

"मन्हा कान गया तवय मी बी खूप रडनू," त्या म्हणाल्या. "मले वाटे, आते बठ्ठं सरनं. पोरं बोलेत आन मी बस देखत राहू. मंग देखता देखता समजाले लागनं." सगळं सरलं, असं त्यांनाही वाटलं होतं तर. त्या माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. मला धीर आला असं मी म्हणणार नाही. पण त्या हाताची ऊब आजही आठवते.

चैत्रात डॉक्टरांनी पुन्हा आरसा घातला आणि खूश झाले. गाठ विरली होती. "बोला आता," ते म्हणाले. "'अ' म्हणा."

मी 'अ' म्हटलं. वारा आला.

"पुन्हा."

पुन्हा वाराच. त्यांनी आरसा पुसला, यजमानांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "घसा बरा आहे," ते म्हणाले. "येईल. कधीकधी माणूस आवाज कसा काढायचा तेच विसरतं. कधीकधी..." आणि पुढचं बोलले नाहीत. मी घरी मोरीत, गोठ्यात, केळीच्या बागेत एकटी जाऊन 'अ' म्हणून पाहिलं. केळीची पानं माझ्यापेक्षा जास्त बोलत होती. मुंबईला जाऊन उपयोग नव्हता, कारण आता काढायला काही नव्हतं. वर्ष संपत आलं होतं आणि आवाज नव्हता.

आखाजीला मला माहेरी जायचं नव्हतं. आत्याबाईंनी माझी पेटी भरली, यजमानांना सुट्टी काढायला लावली आणि मला चाळीसगावच्या गाडीत बसवून दिलं. चाळीसगावला गाडी बदलून धुळं, धुळ्याहून बैलगाडी. वाटेत मुलगी सगळ्या डब्याला मोठ्यानं सांगत होती, "आई बोलस नही. आई वाजस." कुणाला काही कळलं नाही.

माहेरी झोके बांधले होते. आई खापरावर पुरणपोळ्या टाकत होती, कापडासारख्या पातळ. माझ्याशी सगळे हळू बोलत. ते मला सर्वांत जास्त लागलं. आमच्या घरात कधी कुणी हळू बोललेलं नव्हतं. गौराई बोळवायच्या दिवशी मी घरीच राहणार होते, पण भावजया ऐकेनात. मुलीला कडेवर घेऊन मी मागे मागे नदीवर गेले आणि बायांच्या पाठीशी उभी राहिले.

समोर ती होतीच. उंच, सावळी, पदर खोचलेला. तिनं दोन-चार जणींवर तोंड टाकलं, पण तिचं लक्ष नव्हतं. ती कपाळावर हात आडवा धरून आमच्या काठावर कुणाला तरी शोधत होती. मी दिसले तशी ती ओरडली.

"कावं, जीनवाली! लपीसन कसाले उभी शे? जीभ नवराले इकी टाकी का?"

जीभ नवऱ्याला विकलीस का म्हणे! इतर वर्षी या शिवीवर मी तिला धुऊन काढलं असतं. आमच्या बायांना माझं दुखणं माहीत होतं, तिला मात्र एवढी एकच बातमी लागली नव्हती. कुणीतरी तिला खुणावू लागलं. ते मला नको होतं. तिनं मला कीव करून सोडावं, हे मला मरणाहून नको होतं. मी सगळ्यांना बाजूला सारत पाण्याच्या कडेला आले. ती वाट पाहत होती. वर्षभर तीही वाटच पाहत असणार. माझे डोळे भरून आले आणि सवयीनं, दुसरं काही न सुचून, माझे ओठ हलले. जुनीच शिवी. आवाज नाही, श्वास नाही.

कडेवरच्या मुलीनं दोन्ही हातांनी माझा चेहरा आपल्याकडे वळवला. ओठ पाहिले. मग समोरच्या काठाकडे तोंड केलं आणि आजीच्या त्या सपाट, मोठ्या सुरात, एकेक शब्द वेगळा करत ओरडली:

"तुनं! तोंड! जयो!"

मग समोरच्या काठावरून हसण्याचा असा लोट आला की बगळे उडाले. ती उंच बाई तर मटकन वाळूत बसली आणि गुडघ्यात तोंड खुपसून हसू लागली. आमच्याकडच्या बायांची मुरकुंडी वळली. हे सगळं आपल्यासाठी आहे असं समजून मुलीनं शिवी पुन्हा एकदा दिली, समोर आणखी एक लोट उठला, आणि माझ्या पोटातून काहीतरी वर आलं. पदर तोंडात कोंबायचं मला सुचलं नाही.

मी हसले. खरखरीत, जाड, गंजलेल्या रहाटासारखं काहीतरी बाहेर पडलं. माझ्या ओळखीचं नव्हतं ते. पण ते माझ्या गळ्यातून येत होतं आणि दोन्ही कानांनी मला ऐकू येत होतं.

मुलगी गप्प झाली. तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातात कुठं पातेलं आहे का ते पाहिलं. मग आपला हात माझ्या गळ्यावर ठेवला. मी हसतच होते, रडतही असेन, आणि तिच्या तळव्याखाली गळा थरथरत होता.

"आई," ती म्हणाली, "तू वाजनी."

मी तिचं नाव घेतलं. वर्षात पहिल्यांदा, त्या चिरक्या, खालच्या आवाजात. तो आवाज तेवढाच राहिला, पुढं कधी नदी ओलांडून गेला नाही. तेव्हा तर तो माझ्या कडेवरून तिच्या कानापर्यंत जेमतेम गेला. ती ओ म्हणाली नाही. नावाकडे तिचं लक्षच नव्हतं. तिनं माझा चेहरा पुन्हा दोन्ही हातांत धरला, नीट आपल्यासमोर आणला, आणि वाट पाहत म्हणाली,

"आखो."